शेजारी दोन फूट भराव, पाणी आमच्या वायव्य कोपऱ्यात: उतार कसा काढायचा, नियम काय?

विजापूररोडकर यांचा प्रश्न

सोलापूरच्या हद्दवाढ भागात दोन गुंठ्यांचा प्लॉट, ३३ बाय ६६ फूट. पूर्वेला रस्ता, गेटही तिकडेच. घर बैठे, प्लिंथ (जोते) दीड फूट. वर पाच फूट काळी माती, खाली मुरूम.

उत्तरेच्या मोकळ्या प्लॉटवर मालकाने यंदा दोन फूट मुरूम भरला, तोही आमच्या चार इंची कंपाउंड भिंतीला टेकवून. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या गच्चीचा पाईप आमच्या साइड मार्जिनमध्ये (घर आणि कंपाउंड यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात) सुटतो. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून अंगणापेक्षा उंच आहे. मोठा पाऊस झाला की मागे वायव्य कोपऱ्यात पाणी साचते आणि दोन दिवस हलत नाही.

तीन उपाय सुचवले गेलेत. एक, सगळे अंगण दीड फूट भरून टाका. दोन, मागच्या कोपऱ्यात शोषखड्डा घ्या. तीन, अंगणाचे पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडा. यातले नियमात काय बसते आणि टिकेल काय? शेजाऱ्यांना भराव काढायला लावता येतो का?

---

शेळगीचा_कट्टा

चेंबरला जोडून मोकळे व्हा. एक चार इंची पाईप, अर्ध्या दिवसाचे काम. सगळे तेच करतात, कोण बघतंय.

---

पाणसळ

वरचा सल्ला घेऊ नका, त्यावर दुसरे कुणी लिहीलच. माझे म्हणणे एवढेच की लेव्हल काढल्याशिवाय मुरमाची एक पाटीही टाकू नका. "रस्ता उंच आहे" हे डोळ्यांनी दिसते, पण पाणी रस्त्यावर सोडायचे नसते, रस्त्याकडेच्या गटारीत सोडायचे असते. गटारीचा तळ तुमच्या अंगणापेक्षा किती खाली आहे, यावर सगळे ठरते.

२५ मीटर पारदर्शक नळी घ्या, मिस्त्री वापरतात ती. पाणी भरताना बादलीतून हळूहळू सायफनने भरा, बुडबुडा राहिला की रीडिंग खोटे येते. भरून झाल्यावर दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरा. पाणी एका रेषेत आले तर नळी बरोबर. टोकावर अंगठा ठेवून फिरायचे आणि रीडिंग घेताना अंगठा काढायला विसरायचे, ही नेहमीची चूक. नळी अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत पडू देऊ नका.

प्लिंथचा वरचा माथा शून्य धरा. तिथून खाली किती, ते सेंटिमीटरमध्ये लिहा: गेटच्या आत, उत्तर मार्जिनच्या मधोमध, वायव्य कोपरा, नैऋत्य कोपरा, रस्त्याची कड, गटारीचा तळ, आणि शेजारच्या भरावाचा माथा. सात आकडे इथे टाका, मग बोलू.

---

विजापूररोडकर

घेतले. प्लिंथच्या माथ्यापासून खाली:
गेटच्या आत ४५
उत्तर मार्जिन मधोमध ५१
वायव्य कोपरा ५५
नैऋत्य कोपरा ५२
रस्त्याची कड ३३
गटारीचा तळ ६८
उत्तरेचा भराव प्लिंथच्याही ९ सेमी वर

---

पाणसळ

आता चित्र स्पष्ट आहे. तुमची जमीन गेटकडून मागे, आणि मागेही वायव्येला उतरते. म्हणजे मुळात तुमच्याच प्लॉटचे पाणी उत्तरेच्या प्लॉटवरून पुढे जात होते. भरावाने ती वाट बुजली. शेजाऱ्यांचे पाणी तुमच्याकडे येते त्यापेक्षा तुमचे पाणी बाहेर जात नाही, हा मोठा भाग. वकिलाकडे जाण्याआधी हे लक्षात ठेवा, तिथे याने फरक पडतो.

आता हिशेब. सगळे आकडे प्लिंथच्या माथ्यापासून खाली, म्हणजे आकडा मोठा तेवढी जागा खोल. मागच्या कोपऱ्यापासून रस्त्यापर्यंत ६६ फूट म्हणजे २० मीटर. सिमेंटने घोटलेल्या उघड्या गटारीला १५० ला १ उतार पुरतो, म्हणजे २० मीटरला १३ सेमी. गटारीचा तळ ६८ वर असला तरी तुमचे तोंड तळाला लावायचे नाही, गाळाने पहिल्याच पावसात बुजते. १० सेमी वर ठेवा, म्हणजे ५८. तिथून मागे १३ सेमी चढत गेलात की मागच्या टोकाला तुमच्या गटारीचा तळ ४५ वर येतो. त्यात गटारीची खोली १० सेमी धरली तर मागची जमीन ३५ वर हवी. आज ती ५५ वर आहे.

म्हणून मागे २० सेमी भर, मधे ११ सेमी, गेटपाशी शून्य. पाचरीसारखा भराव. दीड फूट सगळीकडे भरण्याचा विचार सोडून द्या. तसे केले तर प्लिंथ गेटपाशी जमिनीच्या बरोबरीला येईल आणि भिंतीला ओल कायमची. राष्ट्रीय इमारत संहितेत प्लिंथ भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५० मिमी उंच ठेवायला सांगितले आहे. तुमच्या मागच्या बाजूला ती ३५ सेमी उरेल, तीही थोडी कमीच, पण पाणी हलते राहिले तर चालून जाते. डीपीसीच्या (भिंतीतल्या ओलरोधक थराच्या) खाली किमान १५ सेमी मोकळी भिंत दिसली पाहिजे, त्याखाली तडजोड नाही.

भरावाचा माल: घर सोडून अंगण साधारण १०० चौरस मीटर, सरासरी ११ सेमी, म्हणजे ११ घनमीटर, म्हणजे चार ब्रासला थोडा कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून पाच ब्रास मागवा. मुरूम गौण खनिजात येतो. गाडीबरोबर वाहतुकीचा पास आहे का, ते उतरवून घेण्याआधी बघा.

भरायच्या आधी वरची १५ सेमी काळी माती काढा. ती तशीच ठेवून वर मुरूम टाकला की उन्हाळ्यात खालची माती भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, वरचा उतार वर्षभरात उलटा होतो. काढलेली माती बागेत वापरा, पण तेवढी जागा मुरमाने भरून काढावी लागेल. जितक्या भागात माती काढाल तितका माल वाढवा. १०० चौरस मीटर पूर्ण काढली तर आणखी साडेसहा-सात ब्रास. खर्च झेपत नसेल तर घराच्या भिंतीलगतचा एक मीटर पट्टा आणि गटारीखालचा पट्टा एवढी तरी काढाच. मुरूम १५ सेमीच्या थरात, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. धुम्मसने कोपरे बसतात, पूर्ण अंगण बसत नाही.

आडवा उतारही विसरू नका. घराच्या भिंतीपासून कंपाउंडकडे ३० ला १. दीड मीटरच्या मार्जिनला ५ सेमी. भिंतीलगत एक मीटर रुंद पीसीसीचा (साध्या काँक्रीटचा) पट्टा, ७५ ते १०० मिमी जाडीचा, दर दीड-दोन मीटरला सांधा. पट्टा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत डांबर ओता. ही फट उघडी राहिली की पाणी सरळ पायाला जाते, वरचा पट्टा नुसता शोभेला.

गटार कंपाउंडच्या बाजूने, २० सेमी रुंद, १० सेमी खोल. दोन गुंठ्यांवर तासाला ६० मिमी, म्हणजे मिनिटाला १ मिमी पाऊस धरला तर मिनिटाला २०२ लिटर, सेकंदाला साडेतीन लिटरच्या आत. ही गटार अर्धी भरली तरी पाच-साडेपाच लिटर नेते. तेव्हा मोठी करायची गरज नाही. मोठी गटार म्हणजे संथ पाणी आणि जास्त गाळ.

गेटपाशी दुसरे दुखणे. रस्त्याची कड ३३ वर आणि अंगण ४५ वर, म्हणजे रस्त्याचे पाणी गेटमधून आत येणारच. गेटच्या आत, तुमच्या हद्दीत, २८ वर उंचवटा घ्या आणि दीड मीटरमध्ये ४५ ला उतरवा. उंचवट्याच्या पायथ्याला १५ सेमी रुंद आडवी चर, वर लोखंडी जाळी. चरीचा तळ गटारीला मिळवा.

---

वहिवाट

लेव्हल टाकल्यामुळे कायद्याचा भाग सोपा झाला. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, नाहीतर नोटीस चुकीच्या पायावर उभी राहील.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. कोर्टात सगळे ईझमेंट ॲक्टच म्हणतात. त्याच्या कलम ७ खालच्या उदाहरणात स्पष्ट आहे: वरच्या जमिनीवर पडणारे, ठरलेल्या पाटातून न वाहणारे पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे जाऊ देणे, हा वरच्या मालकाचा हक्क आहे. तुमचा वायव्य उतार मूळचा असेल तर उत्तरेचा मालक हा खालचा मालक ठरतो, आणि वाट बंद करून पाणी तुमच्यावर उलटवायचा अधिकार त्याला मिळत नाही.

पण हाच हक्क तुम्हालाही बांधतो. "नैसर्गिकपणे" हा शब्द महत्त्वाचा. मातीवर पडलेले पाणी जसे पसरून जाईल तसे. गच्चीचे पाणी पाईपमध्ये गोळा करून, किंवा अंगण पूर्ण फरशीबंद करून, एका भोकातून शेजाऱ्याकडे सोडणे या हक्कात बसत नाही. पाणसळ यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे पाणी पूर्वेला रस्त्याच्या गटारीत नेलेत, तर तुमची बाजू स्वच्छ राहते.

उत्तरेच्या भरावावरून आता जे पाणी तुमच्याकडे उतरते ते नैसर्गिक नाही, कारण उंची माणसाने केलेली आहे. त्यामुळे "मी वरचा, तू खालचा" असे त्याला म्हणता येत नाही.

दक्षिणेचा गच्चीचा पाईप: याला उशीर करू नका. कलम १५ प्रमाणे २० वर्षे उघडपणे, अखंड, हक्क म्हणून असे पाणी सोडले गेले तर तो हक्क कायम होतो. शेजारधर्म म्हणून तोंडी परवानगी दिली असेल तरी आज एक साधे पत्र द्या: पाईप तुमच्या हद्दीत वळवा, मी हक्क मान्य केलेला नाही. पोच घ्या. भांडण करायची गरज नाही, पत्र पुरे.

दाद कुठे? बिनशेती प्लॉट असल्याने दिवाणी न्यायालय, मनाई हुकूम. तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली धाव घ्यायला बरेच जण सांगतात. ती वाट शेती, कुरण, झाडे-पिके असलेल्या जमिनीचे पाणी अडवल्यास आहे, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत जावे लागते. शहराच्या कडेला ज्यांचे शेत आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे, तुम्हाला लागू नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२, म्हणजे जुने १३३, सार्वजनिक उपद्रवासाठी. दोन शेजाऱ्यांच्या वादाला ते ओढू नका. मात्र रस्त्याची गटार कुणी बुजवली असेल तर त्याचा उपयोग होतो.

पुराव्यासाठी: मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांची मुदत आहे. भराव टाकण्याआधीचे फोटो, त्यात भिंतीचे विटांचे थर मोजता येतील असे असतील तर उत्तम. विटेचा एक थर मसाल्यासह साधारण ८ ते ९ सेमी. किती थर गाडले गेले, ते फोटोवरून कळते.

---

झोन_चकरा

चेंबरबद्दल. भुयारी गटार सांडपाण्यासाठी असते, पावसाच्या पाण्यासाठी नाही. आकडा बघा. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा धरून त्याचा ८० टक्के भाग सांडपाणी धरतात. पाच माणसांचे घर दिवसाला ५४० लिटर सोडते. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासात ५० मिमी पाऊस पडला की ५,००० लिटर. नऊ दिवसांचे सांडपाणी एका तासात. गल्लीतल्या दहा घरांनी तेच केले की सर्वांत खालच्या घराच्या संडासातून पाणी वर येते. आणि ते घर कुणाचे, ते तुमच्या लेव्हलवरून दिसतेच आहे. गाळही जातो तो वेगळा. काळी माती पाईपच्या तळाला चिकटून बसली की दाबाच्या पाण्यानेच सुटते.

रस्त्याकडच्या गटारीत सोडण्यासाठी महापालिकेच्या झोन ऑफिसला अर्ज करा. सोबत प्लॉटचा कच्चा नकाशा, लेव्हलचे सात आकडे आणि तोंड कुठे निघणार त्याचा फोटो. फुटपाथ किंवा रस्ता फोडायचा असेल तर खोदाईची परवानगी वेगळी. न विचारता काँक्रीट रस्ता कापला तर पुन्हा भरून देण्याचा खर्च तुमच्यावर. तुमच्या बाबतीत गटार कंपाउंडला लागूनच असेल तर रस्त्याला हात लावायची वेळ येत नाही.

गेटसमोरच्या गटारीवर पक्का स्लॅब टाकून रॅम्प करू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २३१ खाली रस्त्यावरचे असे बांधकाम आयुक्त विनानोटीस काढू शकतात. आणि काढले नाही तरी खालचा गाळ कुणाला काढता येत नाही. तिथेच तुंबते आणि आपल्याच अंगणात येते. उचलता येणारी झाकणे टाका, दोन माणसांना उचलतील एवढीच, म्हणजे ६० सेमीपेक्षा लांब नको. शहाबादी फरशीचे जाड तुकडेही चालतात, फक्त गाडी त्यावरून जाणार नसेल तर.

एक आगाऊ सूचना. भरावामुळे शेजारी आता भिंत वाढवेल. कंपाउंडची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात, भरावाच्या माथ्यावरून नाही. दीड मीटर, किंवा वरचा ०.९ मीटर भाग जाळीदार ठेवल्यास २.४ मीटर.

---

विजापूररोडकर

खूप उलगडा झाला. दोन शंका. शोषखड्डा मग अजिबात नको का? मागे बोअर आहे, उन्हाळ्यात आटते. आणि त्या चार इंची भिंतीचे काय, ती आमच्या बाजूला झुकलेली वाटते.

---

मुरूम_आणि_माती

शोषखड्डा वायव्य कोपऱ्यात नको. अंगणाच्या गढूळ पाण्यासाठी तर नकोच. गच्चीच्या पाण्यासाठी मात्र करा.

कायद्याने सक्ती नाही. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, २०२० पासून लागू. तिच्या १३.३ मध्ये पर्जन्यजल संधारण ५०० चौरस मीटर व त्यापुढच्या प्लॉटला बंधनकारक आहे. तुमचा २०२. पण त्यातली मापे कामाची आहेत: खड्डा १.२ बाय १.२ मीटर, खोली २ ते २.५ मीटर. तळापासून निम्म्या खोलीपर्यंत ४० मिमी खडी, मग २० टक्के २० मिमी खडी, मग २० टक्के जाड वाळू, वर बारीक वाळूचा पातळ थर, आणि वरचा दहावा हिस्सा मोकळा. वर विटांचे कडे, जमिनीच्या किमान १५ सेमी वर, म्हणजे अंगणातली माती आत जात नाही. जाळीदार झाकण. त्याच नियमात हेही आहे की अशा खड्ड्याने तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या भिंतीला, पायाला ओल येता कामा नये. काळ्या मातीत हे वाक्य सगळ्यात महागात पडते.

काळी माती पाणी पिते ती फुगण्यासाठी, खाली सोडण्यासाठी नाही. पाच फूट मातीतच खड्डा संपला तर तो हौद होतो. पायाच्या एका कोपऱ्याला ओल आणि दुसरा कोरडा, की तो कोपरा वर उचलला जातो आणि खिडकीच्या कोनातून तिरकी चीर निघते. तुमच्याकडे मुरूम पाच फुटांवर आहे, म्हणजे अडीच मीटर खोल गेलात तर तीनेक फूट मुरमात मिळतात. वरच्या पाच फुटांत बाजूला विटांचे बांधकाम करून आतून गिलावा द्या, पाणी फक्त मुरमात जाऊ द्या. घरापासून किमान ३ मीटर, ५ मिळाले तर बरे.

खड्डा खणला की खडी टाकण्याआधी तळाला एक फूट बाय एक फूट बाय एक फूट छोटा खड्डा करा. रात्रभर पाणी भरून मुरू द्या. सकाळी वीतभर पाणी भरा आणि एक इंच उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजा. ३० मिनिटांच्या आत असेल तर करा. ६० च्या वर गेले तर खाली मुरूम नसून चिकट माती किंवा अखंड काळा पाषाण आहे, खड्डा बुजवून टाका.

आणि त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. अशा खड्ड्यातल्या खडीच्या पोकळीत हजार-अकराशे लिटर मावतात. १०० चौरस मीटर गच्चीवरून तासाला ५० मिमीने मिनिटाला ऐंशीहून जास्त लिटर येतात. बारा-तेरा मिनिटांत खड्डा भरला. म्हणून वरून ओसंडणारे पाणी गटारीला जोडणारा ११० मिमी पाईप हवाच.

बोअरला थेट पाणी सोडायचे तर फक्त गच्चीचे, गाळणीतून, आणि पहिल्या सरीचे पाणी बाजूला काढून. १०० चौरस मीटरला पहिले २ मिमी म्हणजे २०० लिटर. एक पिंप पुरते, किंवा खाली झडप ठेवा आणि पहिली दहा मिनिटे उघडी ठेवा. कबुतरांची विष्ठा आणि धूळ त्यात जाते. अंगणाचे पाणी बोअरमध्ये कधीही नको. सोलापूरला वर्षाला साडेपाचशे मिमी पाऊस धरला आणि गच्चीवरून ८० टक्के हाती लागला तरी ४४ हजार लिटर. आटणाऱ्या बोअरला एवढेही कमी नाही, पण चमत्काराची अपेक्षा नको. गच्चीला दर १०० चौरस मीटरला १०० मिमीचे दोन पाईप असावेत, असेही त्याच नियमात आहे. एकच असेल तर आधी दुसरा बसवा.

---

पाणसळ

भिंतीबद्दल. ती झुकलेली "वाटते" असे लिहू नका, मोजा. वरून ओळंबा सोडा, खाली आणि वर अंतर किती ते लिहा, तारीख टाका. दर आठवड्याला तेच ठिकाण. वाढत असेल तर मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नका, बाकी नंतर.

हिशेब असा. ६० सेमी कोरडा मुरूम भिंतीला मीटरमागे साधारण ११० किलो रेटा देतो. तोच मुरूम पाण्याने भरला की २४० किलो, कारण मुरमाबरोबर पाणीही ढकलते. चार इंची भिंत आडोशासाठी असते, माती पेलायला नाही. ११० किलोही तिला जड. म्हणून ती उन्हाळ्यात उभी राहते आणि सप्टेंबरच्या पावसात पडते, आपल्याकडे सर्वांत जोराचा पाऊस तेव्हाच.

भिंतीला भोके पाडून द्या असे कुणीतरी सांगेल. हद्दीच्या भिंतीला भोके म्हणजे त्यांच्या भरावाचे पाणी तुमच्या अंगणात, तुमच्याच संमतीने. त्याऐवजी शेजाऱ्याकडे मागणी ही करा: भिंतीपासून भराव किमान दोन फूट मागे घ्यावा आणि १ ला दीड उतार द्यावा. किंवा ठेवायचाच असेल तर स्वतःच्या हद्दीत दगडी किंवा आरसीसी धारक भिंत बांधावी, तिच्या पाठीमागे ३० सेमी रुंद खडीचा पट्टा, तळाला भोकाचा ११० मिमी पाईप, आणि तो पाईप रस्त्याच्या गटारीपर्यंत. उत्तरेच्या मालकाला द्यायच्या पत्रात हेच दोन पर्याय लिहा. "भराव काढा" एवढेच लिहिले की समोरचा हट्टाला पेटतो.

---

वहिवाट

बरोबर, पर्याय द्यावेत. आणि पत्रात भिंतीच्या ओळंब्याचे आकडे तारखेसह जोडा. भिंत पडली तर "आम्हाला कल्पना नव्हती" ही पळवाट उरत नाही.

---

विजापूररोडकर

भिंत वर १८ मिमी ओळंब्याबाहेर, आमच्या बाजूला आहे, आजची नोंद. एकच शेवटचे: रस्त्याची गटार तुडुंब भरली तर पाणी आमच्या नव्या गटारीतून उलटे आत येणार नाही का?

---

पाणसळ

येणार. गटार काठोकाठ भरली म्हणजे पाणी ३३ वर, तुमची मागची जमीन ३५ वर. म्हणून कंपाउंडमधून बाहेर जाणाऱ्या शेवटच्या एक मीटरला उघडी गटार न ठेवता ११० मिमीचे दोन पीव्हीसी पाईप शेजारी-शेजारी टाका आणि बाहेरच्या तोंडाला एकमार्गी झडप बसवा, पाकळीची. त्याआधी आत ४५ बाय ४५ सेमीची गाळकुंडी, तिचा तळ पाईपच्या १५ सेमी खाली. कुंडीशिवाय झडप लावली तर पहिल्या पावसात पाकळीखाली खडा अडकतो आणि ती उघडीच राहते.

झडप मिटलेली असताना तुमचे पाणी आत थांबेल. मिनिटाला २०० लिटरने वीस मिनिटे धरली तर ४,००० लिटर, अंगणात ४ सेमी. प्लिंथ अजून वीतभराहून जास्त वर. बाहेरची पातळी उतरली की आपोआप निघून जाईल.

पाकळीची बिजागरी मेच्या शेवटी एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा हाताने हलवून बघा. रबर कडक झाले असेल तर बदला, खाली गाळ असेल तर खरवडून काढा. उंदरासाठी जाळी कुंडीच्या आतल्या बाजूला लावा, पाकळीच्या तोंडाला नाही.